वाचक विचारतात : कात अडकते कुठे? टाकीतल्या क्रेफिशबद्दलचे प्रश्न

माशांच्या पाण्यावर भाजी आणि भाजीने गाळलेल्या पाण्यावर मासे, म्हणजे ॲक्वापोनिक्स, याबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी क्रेफिशचीच, म्हणजे गोड्या पाण्यातल्या नांगीवाल्या, छोट्या शेवंडासारख्या प्राण्याचीच, गर्दी आहे. बहुतेक पत्रं ऑस्ट्रेलियातून आली आहेत आणि ते साहजिकच आहे. यॅबी, रेडक्लॉ आणि मॅरन या क्रेफिशच्या तिन्ही जाती मूळच्या तिथल्याच. पत्रं जागेअभावी आटोपशीर केली आहेत.

ब्रिस्बेनला घरामागे हजार लिटरची आयबीसी टाकी (लोखंडी पिंजऱ्यातली चौकोनी प्लास्टिकची) आहे, वर खडीचा वाफा. पाणी छपरावरून साठवलेलं पावसाचं. रेडक्लॉ आठवड्याला एखाददुसरा मरतो आणि दर वेळी कात अर्धवट निघालेली असते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, पीएच ६.२. पालक-कोथिंबीर मात्र झकास येते. मग बिघडलंय कुठे?

पीएच ६.२ ला भाजी खूश असते, कारण लोह आणि इतर सूक्ष्म द्रव्यं तिला सहज मिळतात. क्रेफिशला नेमकं तेच पाणी जड जातं.

क्रेफिशचं कवच वाढत नाही. प्राण्याला वाढायचं तर पाठ आणि शेपटीच्या सांध्यावर जुनं कवच उकलतं, तो त्यातून मागे सरकत बाहेर पडतो, पाणी शोषून फुगतो आणि मग नवं कवच कडक करतो. कात टाकण्याआधी जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम तो जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या चकत्यांच्या रूपात साठवतो. कातीच्या तोंडावर मेलेल्या प्राण्याचं डोकं उघडलंत तर हरभऱ्याच्या डाळीएवढ्या या चकत्या सापडतील. पण हा साठा तोकडा असतो. बाकीचं कॅल्शियम कल्ल्यांवाटे पाण्यातून ओढायचं आणि टाकलेली कात खाऊन मिळवायचं. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. त्यात पीएच उतरलेला असला की असलेलं ओढणंही अवघड होतं.

पीएच उतरला कसा? खडीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातला क्षार, म्हणजे आम्ल झेलणारा कार्बोनेटचा साठा, खातात : अमोनियातल्या दर ग्रॅम नत्रामागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे ७ ग्रॅम. तुम्ही ३० टक्के प्रथिनांचं १०० ग्रॅम खाद्य रोज घालत असाल तर त्यातून पावणेतीन ग्रॅमच्या आसपास अमोनिया-नत्र सुटतं आणि रोज २० ग्रॅमभर क्षार संपतो. भाजी नायट्रेट उचलताना त्यातला काही भाग परत करते, सगळा नाही. पावसाच्या पाण्यात मुळातच क्षाराची शिल्लक नसल्याने पीएच घसरत जातो.

आधी थेंबांचा केएच-जीएच संच आणा. केएच म्हणजे हाच क्षार, जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमची कठीणता. केएचचा एक अंश म्हणजे लिटरला जवळपास १८ मिलिग्रॅम. केएच ३ ते ५ आणि जीएच ६ ते ८ ठेवा, पीएच ७ ते ७.५. मग हजार लिटरला पुढच्या मापाने द्रव्यं घाला.

क्षार लिटरला ५० मिलिग्रॅमने वाढवायला १०० ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट लागतं. खायचा सोडा ८४ ग्रॅम पुरतो, पण त्यातलं सोडियम पाण्यात साचत जातं आणि भाजीला त्याचा उपयोग नाही, म्हणून तो अडीअडचणीलाच वापरा. कॅल्शियमसाठी ८६ ग्रॅम जिप्सम. तेवढ्याने कठीणता ५० मिलिग्रॅमने वाढते आणि पीएच हलत नाही. जिप्सम बादलीभर पाण्यात कालवून पंपाजवळ ओता, थेट टाकीत टाकलंत तर तळाशी गाळ होऊन बसतं. कायमची सोय म्हणून कालवांच्या शिंपल्यांचा चुरा, कोंबड्यांना घालतात तोच, दोन-तीन किलो जाळीच्या पिशवीत भरून वाफ्यातून पाणी पडतं त्या धारेखाली टांगा. तो आम्ल पाण्यात विरघळतो आणि पीएच साडेसातच्या आसपास आला की जवळपास थांबतो, त्यामुळे जास्त झाल्याची धास्ती नाही. महिन्यातून एकदा पिशवी झटका, नाहीतर चुऱ्यावर बुळबुळीत थर बसून तो निकामी होतो.

हे सगळं एका दिवसात करू नका. पीएच दिवसाला ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त चढवू नये. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ ला एकूण अमोनियाचा अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो. आज अमोनिया शून्य दिसतोय म्हणून उद्याही दिसेल असं नाही.

पीएच सातच्या वर गेला की पालकाची कोवळी पानं पिवळी पडतील, शिरा तेवढ्या हिरव्या राहतील. तो लोहाचा अभाव. डीटीपीए प्रकारचं चिलेटेड (पाण्यात विरघळलेलं राहणारं) लोह लिटरला २ मिलिग्रॅम या मापाने द्या. स्वस्तातलं ईडीटीए या पीएचला टिकत नाही. ईडीडीएचए टिकतं, पण पाणी लालसर करतं.

अर्धी कात अडकून मरण्याचं दुसरं कारण रात्रीचा कमी प्राणवायू. कात टाकताना प्राण्याला तो नेहमीपेक्षा जास्त लागतो आणि पहाटे पाण्यात सर्वांत कमी असतो. हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा) अधांतरी लटकवू नका, तळाशी टेकवा, कारण क्रेफिश तळाला राहतो. प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर हवा. रात्री बॅटरी घेऊन पाहिलंत आणि प्राणी नळ्यांवर चढून पृष्ठभागाशी आडवे झालेले दिसले, तर हवा कमी पडते आहे.

टाकलेली कात उचलून फेकू नका, ती त्याची शिदोरी आहे. दुकानात ‘कातीसाठी’ म्हणून मिळणारे आयोडीनचे थेंब आमच्या मते पैसे वाया घालवणं आहे. कॅल्शियम कमी असताना त्यांनी काही साधत नाही आणि पुरेसं असताना त्यांची गरज पडत नाही.

केर्न्सहून : अशाच आयबीसी टाकीत बोटाच्या पेराएवढी ६० रेडक्लॉ पिल्लं सोडली. चार महिन्यांनी १८ उरली. मेलेलं एकही दिसलं नाही. पक्ष्यांनी नेली का?

नाही, एकमेकांनी खाल्ली. कात टाकलेला प्राणी दोन-तीन दिवस लोण्यासारखा मऊ असतो, नांग्यांत जोर नसतो आणि शेजाऱ्याला त्याचा वास लागतो. लहान पिल्लं दर थोड्या आठवड्यांनी कात टाकतात. म्हणजे ६० पिल्लांच्या टाकीत जवळपास रोज कोणी ना कोणी मऊ असतं.

हजार लिटर पाणी आहे म्हणून ६० मावतील हा हिशेब माशांचा. क्रेफिशचा हिशेब तळाच्या क्षेत्रफळावर करायचा आणि आयबीसीचा तळ जेमतेम सव्वा चौरस मीटर असतो. वाढवायला चौरस मीटरला ५ ते १०, म्हणजे तुमच्या टाकीत फार तर १०-१२. पिल्लं १५-२० घालून मोठी होतील तशी निवडून वेगळी केलीत तरी चालेल. आकारात फरक पडला की धाकट्यांचं काही खरं नसतं. महिन्यातून एकदा टाकी तपासून बरोबरीचे बरोबरीच्यांत ठेवा.

आडोसे प्राण्यांच्या संख्येपेक्षा जास्त हवेत, दीडपट तरी. मोठ्यांसाठी ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी नळीचे १५ ते २० सेंटिमीटरचे तुकडे. ते मोळीसारखे बांधून दोन-तीन थरांत रचले की तळ कमी असूनही जागा वाढते. नळी अंगापेक्षा थोडीच मोठी असावी. ऐसपैस नळीत दुसरा घुसतो. पिल्लांना नळ्या उपयोगाच्या नाहीत. कांद्याच्या जाळीदार पिशव्या किंवा शेडनेटचे तुकडे चुरगळून, गुच्छ बांधून, खाली दगड लावून सोडा. नळ्या राखाडी किंवा पांढऱ्या पिण्याच्या पाण्याच्याच घ्या, भंगारातल्या अनोळखी नळ्या नकोत.

खाद्य दिवेलागणीनंतर घाला, हा रात्रीचा प्राणी आहे. बुडणाऱ्या गोळ्या हव्यात. पिल्लांना वजनाच्या ३ टक्के, मोठ्यांना एक-दीड टक्का. ५० ग्रॅमचे दहा प्राणी म्हणजे रोज साडेसात ग्रॅमच्या आत, चहाचे दोन चमचेही भरत नाही. लोक मूठभर टाकतात आणि मग अमोनिया वाढला म्हणून पत्र लिहितात. सकाळी उरलेलं दिसलं तर त्या रात्री निम्मं करा. पण उपाशीही ठेवू नका, भुकेने मारामाऱ्या वाढतात. मधूनमधून गाजराची चकती, ल्यूसर्नच्या (लसूणघासाच्या) गोळ्या, पाण्यात कुजवलेली पानं चालतात.

त्याच टाकीत सिल्व्हर पर्च मासा सोडायचा बेत तुम्ही लिहिला आहे. मऊ क्रेफिश त्याला आयता घास आहे. जाळीने टाकीचे दोन भाग करा, किंवा मासे वरच्या टाकीत आणि क्रेफिश खालच्या संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा होतं त्या टाकीत. संप ही त्यांची उत्तम जागा, फक्त पंपाच्या तोंडाला जाड स्पंज लावा.

मेलबर्न : जूनपासून, म्हणजे इथल्या थंडीपासून, यॅबींनी खाणं सोडलंय, पाणी ११ अंशांवर आहे. हीटर लावावा का? दुकानदार म्हणतो यॅबी काढा, रेडक्लॉ ठेवा, ते जास्त वाढतात.

दुकानदाराचं ऐकू नका. रेडक्लॉ उत्तर ऑस्ट्रेलियाचा. त्याला २३ ते ३१ अंश मानवतात, १० च्या खाली तो मरतो. शिवाय त्याला राज्याबाहेर नेण्या-पाळण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. राज्याच्या मत्स्यविभागाला विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. यॅबी तुमच्या भागातलाच आहे. पाणी १५-१६ अंशांच्या खाली गेलं की तो हालचाल आणि खाणं थांबवतो आणि थंडी काढतो. त्याला काही झालेलं नाही.

हीटरचा हिशेब करा. हजार लिटर पाणी १० अंशांनी तापवायला ११.६ युनिट वीज लागते. ती एकदाची. त्यानंतर रोज हवेत जाणारी उष्णता भरून काढायची ती वेगळी. खडीचा वाफा रात्री सगळ्यात जास्त उष्णता उधळतो, पाणी त्यातून फिरलं की थंड होऊन परततं. म्हणून हीटरऐवजी पंप दुपारी जास्त चालवा आणि रात्री कमी, हवा मात्र चोवीस तास. टाकीच्या बाजूंना ५० मिलिमीटर थर्माकोल आणि वर झाकण.

खाद्य बंद ठेवा. थंडीत खडीतले जिवाणूही मंदावतात, उरलेलं खाद्य नुसतं कुजतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी १६ च्या वर टिकू लागलं की नेहमीच्या पाव भागापासून सुरुवात करा, अमोनिया बघत वाढवा. उन्हाळ्यात उलटी काळजी : ३० अंशांच्या वर सावली हवी.

तुम्ही धरणातून धरून आणलेले यॅबी टाकीत मिसळणार आहात. थोडं थांबा. शेपटीचं मांस खालून पाहा. निरोगी मांस काचेसारखं किंचित पारदर्शक असतं. चुन्यासारखं पांढरंफेक दिसलं तर तो थेलोहानिया हा सूक्ष्म परजीवी. त्याला औषध नाही आणि मेलेला प्राणी इतरांनी खाल्ला की तो पसरतो. असा प्राणी लगेच काढा. बाकीचे महिनाभर वेगळ्या टबात ठेवून मगच मिसळा. आणि यॅबी धरायची ऑपेरा हाऊस जाळी व्हिक्टोरियात (मेलबर्नच्या राज्यात) २०१९ पासून बंद आहे. त्यात प्लॅटिपस हे बदकासारख्या चोचीचे प्राणी अडकून बुडतात.

सिडनी : मेथीवर मावा आला, कडुनिंबाचं तेल फवारलं. दोन दिवसांनी तीन यॅबी उताणे पडून पाय झाडत होते. कडुनिंब तर नैसर्गिक आहे ना?

नैसर्गिक आहे, पण त्याचं मुख्य काम किड्यांची कात बिघडवणं हेच आहे. क्रेफिशही कात टाकणाराच प्राणी. कीटकनाशकाच्या दृष्टीने तो पाण्यात राहणारा मोठा किडा आहे. पायरेथ्रम, परमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल, डासांच्या अळ्यांसाठी पाण्यात टाकायच्या मेथोप्रीनच्या गोळ्या, यांतलं काहीही वाफ्याजवळ नको. उताणं पडून पाय थरथरणं ही विषबाधेची खूण.

लगेच : निम्मं पाणी बदला आणि टाकीत जाळीच्या पिशवीतून अर्धा ते एक किलो सक्रिय कोळसा सोडा. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन मारा. लिटरमागे दर १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट. रात्रभर हवा सोडून क्लोरीन उडतं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही, आणि थायोसल्फेटने ते तोडलं की अमोनिया सुटतो. तुमच्या भागात कोणतं वापरतात ते पाणीपुरवठ्याकडे विचारून घ्या.

मेथीचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पडतो. ढालकिडे आले तर त्यांना हाकलू नका. पानं खाणाऱ्या हिरव्या अळ्यांवर बीटी जिवाणू, कुर्स्टाकी प्रकारचे, चालतात, क्रेफिशला त्यांचा त्रास नाही. साबणाचं पाणी वापरायचंच तर कुंडी उचलून दुसरीकडे नेऊन.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. बंद गॅरेजमध्ये डासांची कॉइल लावली, झुरळांचा फवारा मारला, की ते विष नळीतून थेट टाकीत बुडबुडतं. पंप बाहेरच्या मोकळ्या हवेत ठेवा. कुत्र्याला पिसवांचं औषध लावलेल्या हातांनी टाकीत हात घालू नका.

तांब्याचंही तसंच. बोर्डो मिश्रण, तांब्याची नळी, पितळी कोपरा किंवा झडप, गोगलगाईंचं औषध यांतलं तांबं माशाला सोसेल एवढं कमी असलं तरी क्रेफिशला मारतं. जस्ताच्या मुलाम्याची टाकी आम्ल पाण्यात जस्त सोडते. सगळं प्लास्टिकचं किंवा स्टेनलेस स्टीलचं असू द्या.

नाशिकजवळ शेडनेटमध्ये ॲक्वापोनिक्स आहे. ऑनलाइन एक जण रेडक्लॉची पिल्लं देतो म्हणतोय. घ्यावीत का?

घेऊ नका. भारतात गोड्या पाण्याचा क्रेफिश मूळचा एकही नाही. परदेशी जलचर आणायला केंद्राच्या मत्स्यविभागाची परवानगी लागते आणि तो विक्रेता ती दाखवू शकणार नाही. क्रेफिश टाकीतून चालत बाहेर पडतो. ओलसर रात्री शेजारच्या कालव्यापर्यंत पोचला तर परत आणता येत नाही. उजनीच्या मच्छीमारांना चिलापीबद्दल विचारा, बाहेरचा मासा एकदा शिरला की काय होतं ते सांगतील.

तुमच्या पाण्याला आपली जंबो कोळंबी बरी, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. तिला २६ ते ३१ अंश चालतं. हिच्या अळ्यांना मचूळ पाणी लागतं, म्हणून टाकीत पिल्लावळ वाढत नाही, बीज दर वेळी मान्यताप्राप्त हॅचरीतून आणावं लागतं. वर ब्रिस्बेनच्या वाचकाला लिहिलेलं कात-कॅल्शियमचं सगळं हिलाही लागू. चौरस मीटरला चार-पाचच्या वर नको. निळ्या लांब नांग्यांचे नर दिसू लागले की ते आधी काढा, ते बाकीच्यांना वाढू देत नाहीत. नाशिकच्या थंडीत पाणी १८ च्या खाली जात असेल तर ऑक्टोबरच्या आत काढणी उरका.

थोडक्यात

*कवचावर पांढरे, हलणारे बारीक किडे आणि पोटाखाली चिकटलेली अंडी दिसतात.* (टूवूम्बा) किडे टेम्नोसेफला. अंगावर राहतात, मांस खात नाहीत, पुढच्या कातीबरोबर बरेचसे जातात. फार झाले तर पाणी घाण आहे असं समजा. करड्या कापसासारखी लव दिसत असेल तर तेही घाण पाण्याचंच लक्षण : गाळ काढा, खाद्य कमी करा.

*नायट्राइट अचानक वाढला.* (पर्थ) हजार लिटरला एक किलो मीठ, आयोडीन नसलेलं, विरघळवून हळूहळू. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. बहुतेक पालेभाज्या एवढं सोसतात, स्ट्रॉबेरी सोसत नाही. खाद्य दोन-तीन दिवस बंद.

*दुकानातली कच्ची कोळंबी खायला घालू का?* (गोल्ड कोस्ट) नको. २०१६ च्या अखेरीस लोगन नदीकाठच्या कोळंबी शेतांत पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला. तो क्रेफिशलाही लागतो आणि गोठवून मरत नाही. शिजवलेली चालेल.

*लंडनला कोणता क्रेफिश घरी पाळता येतो?* इंग्लंड आणि वेल्समध्ये घरच्या टाकीसाठी परवान्याशिवाय फक्त रेडक्लॉ. आपोआप पिल्लं देणारा संगमरवरी क्रेफिश कोणी फुकट दिला तरी घेऊ नका.

*नर-मादी कशी ओळखू?* (डार्विन) उताणा धरा. चालण्याच्या पायांच्या शेवटच्या जोडीच्या बुंध्याशी बारीक उंचवटे असले तर नर. नांग्या धरून मोजलेल्या तिसऱ्या जोडीच्या बुंध्याशी गोल छिद्रं असली तर मादी. मोठ्या रेडक्लॉ नराच्या नांगीच्या बाहेरच्या कडेला लाल मऊ पट्टाही असतो. नुसते नर ठेवलेत तर ताकद अंड्यांत न जाता वाढीत जाते.

*झाकण असूनही रोज एक पळतो.* (केर्न्स) हवेची नळी आणि उभा निचरा पाइप या त्याच्या शिड्या. नळी झाकणाच्या मधोमध भोक पाडून वरून लटकती सोडा, भिंतीला टेकू देऊ नका. निचरा पाइपाभोवती मोठ्या व्यासाचा पाइप उभा करा, त्याला खाली ६ मिलिमीटरच्या फटी पाडा आणि तोंड पाण्यावर २० सेंटिमीटर ठेवा. झाकणावर वीट. पळालेला सापडला आणि कल्ले ओले असले तर उथळ पाण्यात तिरपा ठेवा, एकदम खोल सोडू नका. कल्ल्यांत अडकलेली हवा आधी निघून जाऊ द्या.